फुफींचा मदरबोर्ड

मागच्या महिन्यात मोबाईलच्या बॅटरीवर लिहिले, तेव्हा पुढचा लेख प्रिंटरवर लिहायचे आम्ही ठरवले होते. पण मधल्या काळात आमच्याच घरात एक काम निघाले आणि प्रिंटर मागे पडला. वाचक बंधू-भगिनींनी माफ करावे. हे काम अनेक घरांत आज ना उद्या निघणारे आहे.

आमच्या फुफी गेली दहा-अकरा वर्षे घरी बसून डीटीपीचे काम करतात. फुफाजींच्या माघारी दोन मुलींचे शिक्षण त्यांनी याच कामावर केले. लग्नपत्रिका, वलीम्याची कार्डे, शाळांच्या प्रश्नपत्रिका, दुकानांची बिलबुके असे सगळे काम त्या करतात. मराठी आणि उर्दू एकाच कार्डावर नीट बसवणारे हात कोल्हापुरात फार नाहीत, त्यामुळे हंगामात त्यांना उसंत नसते. हे सारे एका जुन्या डेस्कटॉपवर चालते.

गेल्या वळवात एका संध्याकाळी विजा कडाडल्या आणि लाईट गेली. लाईट परत आली, पण फुफींचा कॉम्प्युटर काही सुरू झाला नाही. एका कारागिराला बोलावले. त्याने पाच मिनिटांत निकाल दिला, "सगळंच गेलंय. नवीन मशीन घ्या, तीस-पस्तीस हजार धरून चला." चार दिवसांनी एका लग्नाच्या पत्रिका छापखान्यात द्यायच्या होत्या. ॲडव्हान्स घेतलेला होता.

फुफींनी आम्हाला फोन केला. पैशांबद्दल त्या फार बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "बेटा, मशीनचं राहू दे. आतले फोटो निघतील का तेवढं बघ."

हे फोटो कोणते, ते सांगायला हवे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला पूर आला. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी धरतात. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. नदीच्या बाजूच्या फुफींच्या जुन्या घरात कपाट बुडाले आणि कपाटातला अल्बम चिखलात भिजला. त्यातले जेवढे फोटो वाचले, तेवढे फुफींनी वाळवून स्कॅन करून ठेवले होते. फुफाजींचे तरुणपणीचे फोटो आता त्या हार्ड डिस्कवरच होते, दुसरीकडे कुठेही नव्हते.

आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या घरी पोहोचलो.

आधी रोग ओळखावा

आपल्याकडे त्या उभ्या पेटीला सगळेच 'सीपीयू' म्हणतात. खरे तर पेटी म्हणजे कॅबिनेट. सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, बिस्किटाएवढी चौकोनी चिप. आणि प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कीबोर्ड, स्क्रीन या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला लावणारी हिरवी किंवा काळी मोठी पाटी म्हणजे मदरबोर्ड. घरात आई नसली की कोणाचा कोणाला मेळ लागत नाही, तसेच हे.

मशीन बंद पडले म्हणजे मदरबोर्डच गेला, असे नसते. म्हणून आम्ही सोप्यापासून सुरुवात केली. दुसरा प्लग, दुसरी वायर लावून पाहिली. रॅम काढून तिच्या पिवळ्या पट्ट्या खोडरबराने हलकेच पुसून परत बसवली. मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल, ज्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते, तो बदलला. मग वीज पुरवणारी आतली पेटी, म्हणजे एसएमपीएस, राजारामपुरीतल्या एका दुकानात नेऊन तपासून घेतली. ती ठणठणीत निघाली. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्या आत जबर झटका देण्याइतकी वीज साठून राहते.

राहिला बोर्ड. टॉर्च लावून पाहिले तर इंटरनेटची केबल लागते त्या खाचेमागे काळा डाग होता आणि जळका वास येत होता. वीज लाईटच्या तारेतून आली नव्हती. ती इंटरनेटच्या केबलमधून आली होती. फुफींनी प्लग काढला होता, केबल काढायची राहिली होती. बहुतेक घरांत असेच होते.

जुन्याला जोड की सगळे नवे?

बोर्ड घेताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात. पहिली, प्रोसेसर बसतो तो सॉकेट. फुफींचा प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, २०१३ च्या सुमाराचा. त्याला ११५० टिकल्यांचा सॉकेट लागतो. ११५१ किंवा ११५५ चा बोर्ड दिसायला तसाच असतो, पण त्यात हा प्रोसेसर चालत नाही. दुसरी, रॅमची जात. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या तिघींची खाच वेगवेगळ्या जागी असते, एक दुसरीच्या जागी बसत नाही. तिसरी, बोर्डचा आकार. मोठा एटीएक्स ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, मधला मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा आणि छोटा मिनी आयटीएक्स १७० बाय १७० चा असतो. लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटात बसतो, उलटे होत नाही.

सगळे नवे घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात स्क्रीनवर चित्र दाखवायची सोय नसते. त्याला वेगळे ग्राफिक कार्ड घ्यावे लागते. शेजारच्या गल्लीतल्या एका मुलाने स्वस्त मिळाला म्हणून असा प्रोसेसर घेतला आणि दोन दिवस काळ्या पडद्याकडे पाहत बसला.

फुफींसाठी आम्ही एच८१ जातीचा, जुना प्रोसेसर आणि जुनी डीडीआर३ रॅम दोन्ही चालतील असा बोर्ड आणला. साडेतीन हजारांच्या आत काम झाले. यात तोटाही आहे, तो सांगतो. इतक्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारी मोफत सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. म्हणून फुफींच्या मशीनवर आता फक्त डिझाईनचे काम होते. बँक, ईमेल आणि अनोळखी पेनड्राइव्ह त्यापासून लांब ठेवले आहेत. दोन-तीन हंगाम निघाले की त्या पैशातून नवे घ्यायचे, असा त्यांचा हिशोब आहे.

टेबलावर

दुपारी जेवणे उरकल्यावर फुफींनी टेबल रिकामे केले आणि वर स्वच्छ सुती चादर अंथरली. आम्ही पेचकस उचलला तसा त्यांनी हात पुढे केला. म्हणाल्या, "दहा वर्षं ह्याच्यावर काम केलं, पण आत काय आहे ते कुणी दाखवलं नाही. हात लावू नका, म्हणूनच सांगत आलेत सगळे. आज मी करते, तू सांग."

मग तसेच केले. स्क्रू त्यांनी फिरवले, आम्ही शेजारी बसून सांगत गेलो.

आधी भिंतीतला प्लग काढला आणि पॉवरचे बटण एकदा दाबून आतली उरलेली वीज जाऊ दिली. मग धाकटीने मोबाईलवर आतल्या प्रत्येक वायरचा फोटो काढला. हे फोटो फार उपयोगी पडतात, विसरू नये. अंगावरची स्थिर वीज बोर्डला मारक असते, म्हणून दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावायचा. सिंथेटिक कपडे आणि गालिचा टाळायचा. बोर्ड कडेने धरायचा, गरम ताट धरतो तसा.

जुन्या बोर्डवरून प्रोसेसर काढला. वरची वाळलेली पेस्ट आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या सुती फडक्याने पुसली. नव्या बोर्डच्या सॉकेटची दांडी उचलली. आत केसासारख्या बारीक सोनेरी पिना असतात, त्यांना बोट लागता कामा नये. एक वाकली तरी बोर्ड वाया जाऊ शकतो. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो आणि कडेला दोन खाचा. त्या सॉकेटशी जुळवून प्रोसेसर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही. तो आपल्या वजनानेच बसतो. मग झाकण लावून दांडी खाली आणायची. दांडीला थोडा जोर लागतो, करकर असा आवाज येतो. फुफी दचकल्या. आम्ही सांगितले, हा आवाज ठीक आहे.

प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट लावली. जास्त लावून थंडावा वाढत नाही, बाहेर ओघळते एवढेच. पंख्याच्या चार खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबत 'टक' असा आवाज येईपर्यंत बसवल्या. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या पिनांवरच लावायची. रॅमची खाच जुळवून दोन्ही टोके दाबली, दोन्हीकडची कुलपे आपोआप लागली. ज्या बोर्डवर रॅमच्या चार खाचा असतात आणि रॅम दोन, तिथे साधारणपणे प्रोसेसरकडून मोजून दुसरी आणि चौथी खाच वापरावी.

आता कॅबिनेट. मागच्या बाजूला बोर्डबरोबर आलेली पत्र्याची पट्टी आधी बसवायची. ही विसरली की सगळे पुन्हा खोलावे लागते. मग आतले पितळी खांब पाहायचे. बोर्ड या खांबांवर उभा असतो, पत्र्याला टेकत नाही. बोर्डवर भोक आहे तिथेच खांब हवा. आमच्या कॅबिनेटात एक खांब जास्तीचा होता, नव्या बोर्डला त्या जागी भोक नव्हते. तो तसाच राहिला असता तर बोर्डच्या पाठीला टेकून शॉर्ट झाला असता. फुफींच्याच लक्षात आले. म्हणाल्या, "हा एक खांब कशाला? वर तर भोकच नाही." तेव्हा आम्ही मोबाईल पाहत होतो.

शेवटी वायरी. २४ पिनांचा रुंद जोड, हार्ड डिस्कच्या दोन वायरी आणि पुढच्या बटणांच्या बारीक वायरी लावल्या. बटणांच्या वायरी उलट लागल्या तरी बटण चालते. दिव्यांच्या मात्र प्लस-मायनस पाहून लावाव्या लागतात, नाहीतर दिवा पेटत नाही. कोणती वायर कुठे, हे बोर्डबरोबरच्या कागदावर चित्र काढून दिलेले असते.

काळा पडदा

बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, पण पडदा काळाच. धाकटीचा चेहरा उतरला. आम्ही रॅम काढून घातली, स्क्रीनची वायर बदलली. तसेच. दहा मिनिटांनी मोबाईलवरचे फोटो पाहताना कळले. प्रोसेसरशेजारचा चार पिनांचा छोटा जोड आम्ही फुफींना सांगायलाच विसरलो होतो. प्रोसेसरची वीज त्याच जोडातून येते. मोठा जोड लागला असला तरी याच्याशिवाय पंखे फिरतात आणि पुढे काहीच होत नाही. नव्या बोर्डांवर तिथे आठ पिनांचा जोड असतो. ग्राफिक कार्डासाठीची आठ पिनांची वायर तशीच दिसते, ती तिथे जबरदस्तीने घालू नये.

जोड लावला, पडदा उजळला. पण पुढची ओळ वाचून आमच्याच पोटात गोळा आला. बूट होण्याजोगी डिस्क सापडत नाही, असा तो निरोप होता.

इथे आमची दुसरी आणि मोठी चूक कबूल करतो. मशीनला हात लावण्याआधी हार्ड डिस्क काढून, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून, आतले सगळे उतरवून घ्यायला हवे होते. त्यासाठी यूएसबीची एक वायर मिळते आणि संध्याकाळभराचे काम असते. आम्ही घाई केली. फुफी काहीच बोलल्या नाहीत. उठून आत गेल्या आणि चहा ठेवला.

आम्ही 'डिलीट' चे बटण दाबत मशीन पुन्हा सुरू केले आणि बायोसमध्ये शिरलो. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी जागे होणारा बोर्डचा स्वतःचा कारभार. काही बोर्डांवर त्यासाठी 'एफ२' दाबावे लागते. तिथे पाहिले तर हार्ड डिस्कचे नाव व्यवस्थित दिसत होते. म्हणजे डिस्क जिवंत होती. मग सापडत नाही, असे का?

कारण असे की विंडोज सुरू करण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी लेगसी, नवी यूईएफआय. फुफींच्या डिस्कवर पूर्वी विंडोज ७ होते, त्यावरच १० चढवलेले. ती जुन्या पद्धतीने मांडलेली डिस्क. नवा बोर्ड फक्त नव्या पद्धतीने शोधत होता. बायोसमध्ये 'सीएसएम' नावाची सोय असते, ती चालू केली, बूटच्या क्रमात हार्ड डिस्क पहिली ठेवली, तारीख-वेळ बरोबर केली आणि 'एफ१०' दाबून बाहेर पडलो.

विंडोजला नव्या बोर्डची ओळख पटवून घ्यायला बराच वेळ लागला. मग फुफींचा नेहमीचा पडदा आला, डाव्या कोपऱ्यात 'फोटो पुराचे' नावाचे फोल्डर. फुफी चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या. धाकटीने फोल्डर उघडले. पहिलाच फोटो रंकाळ्यावरचा होता, फुफाजी सायकलला टेकून उभे. फोटोच्या एका कडेला चिखलाचा डाग.

कोणी काही बोलले नाही. मग फुफींनी कप खाली ठेवले आणि म्हणाल्या, "आधी हे दुसरीकडे घ्या. पत्रिका नंतर." त्याच संध्याकाळी सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवले. एक प्रत पेनड्राइव्हवर मोठ्या मुलीच्या घरी, एक इंटरनेटवर. पत्रिकाही वेळेत छापखान्यात गेल्या.

घरच्यांसाठी चार गोष्टी

बोर्ड बदलल्यावर विंडोज पुन्हा परवाना मागू शकते. मशीनबरोबर आलेला परवाना सहसा जुन्या बोर्डशीच बांधलेला असतो. वेगळा विकत घेतलेला मात्र नव्या बोर्डवर नेता येतो.

नव्या मशीनवर डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असू शकते, आणि ते लावले आहे हे घरच्यांना ठाऊकही नसते. बोर्ड बदलला की ते ४८ आकड्यांची किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते का, हे आजच पाहून वहीत लिहून ठेवा. ती नसेल तर डिस्क चांगली असूनही आतले काही मिळत नाही.

घड्याळ रोज मागे पडत असेल किंवा तारीख चुकल्यामुळे वेबसाइट उघडत नसतील तर बोर्ड बदलायची घाई नको. बहुधा तो नाण्यासारखा सेल संपलेला असतो.

आणि वळवाचे ढग दिसले की लाईटच्या प्लगबरोबर इंटरनेटची केबलही काढा. घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून एकदा तपासून घ्या. जुन्या वाड्यांत तिसऱ्या पिनला कधीकधी वायरच जोडलेली नसते.

हे कोल्हापूर आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. उद्यमनगरात आजही लोक बंद पडलेले यंत्र आधी खोलून बघतात, मग टाकायचे की नाही ते ठरवतात. ही रीत कारखान्यातच राहावी आणि घरातल्या बायकांनी मात्र यंत्राला नुसते पुसावे, असे थोडेच आहे? ज्या हातांना मशीन चालवता येते, त्यांना चार स्क्रूही फिरवता येतात. फक्त शेजारी बसून कोणीतरी सांगायला हवे, आणि सांगणाऱ्याने मोबाईल बाजूला ठेवायला हवा.

परवा फुफींकडे गेलो तर पेचकस त्यांच्या शिलाईच्या डब्यात कात्रीशेजारी ठेवलेला होता. समोरच्या घरातल्या मुलाचा कॉम्प्युटर टेबलावर उघडा होता आणि फुफी त्याला सांगत होत्या, "आधी फोटो काढ बघू सगळ्या वायरींचा. आणि ती चार पिनांची विसरू नकोस, आमचा भाचा विसरला होता."

प्रिंटरचे पुढच्या महिन्यात, इन्शाअल्लाह.